लेकराचं बोलणं आणि मोबाईलमधलं ॲप



बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की बायका घरचं बोलायला लागतात. अलीकडं त्यात एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, आमचं लेकरू दोन वर्षांचं झालं तरी बोलंना. मोबाईलमध्ये बोलायला शिकवणारं ॲप असतं म्हणं. कोणतं घ्यावं?" एकीनं विचारलं की दुसरी म्हणते, "माझ्या नातवासाठी पण सांगा." म्हणून आजचं बोलणं याच विषयावर.

चुलीवर दूध ठेवून रेडिओ ऐकणाऱ्या बाईला शेवटपर्यंत थांबता येईलच असं नाही, म्हणून उत्तर आधीच सांगते. एक, लेकरू बोलायला शिकतं ते माणसाकडून, ॲपकडून नाही. दोन, मोबाईल लेकराच्या एकट्याच्या हातात न देता माय आणि लेकराच्या मध्ये ठेवला, तर त्याचा उपयोग होतो. आणि तीन, लेकरू वयाच्या मानानं मागं असेल तर ॲप शोधण्यात दिवस घालवू नका, आधी त्याचे कान तपासून घ्या. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. आता एकेक गोष्ट सविस्तर बघू.

लेकरू बोलायला कसं शिकतं

पोटात असतानाच बाळाला आईचा आवाज ऐकू येतो. जन्मल्यावर दोन-तीन महिन्यांत ते हुंकार द्यायला लागतं. सहा महिन्यांच्या पुढं 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज काढतं. वर्षाच्या आसपास पहिला खरा शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूदू दे' असे दोन शब्द जोडता येतात. एखादं लेकरू महिना-दोन महिने पुढं, एखादं मागं, पण वाट हीच.

या वाटेवर सारखी एक देवघेव चाललेली असते. बाळ 'आऽ' करतं, आपण म्हणतो, "काय गं बाई, काय झालं?" ते पुन्हा आवाज काढतं. थोडं मोठं झालं की पत्र्यावर बसलेल्या कावळ्याकडं बोट दाखवतं. आपण म्हणतो, "काऊ. काऊ आला. काऊला घास देऊ?" लेकराची नजर कावळ्यावर आहे आणि त्याच क्षणाला कावळ्याचं नाव त्याच्या कानावर पडलं, म्हणून त्याला ते नाव समजलं. मग आपण त्याच्या तोंडाकडं बघत थांबतो. त्याला कळतं, आता आपली पाळी. त्यानं 'ताऊ' म्हटलं तरी आपण हसतो आणि म्हणतो, "हो, काऊ!"

मोबाईलला यातलं काही जमत नाही. लेकरू कुठं बघतंय ते त्याला माहीत नसतं. लेकरू 'ताऊ' म्हणालं काय आणि गप्प बसलं काय, व्हिडिओ आपला पुढं पळतो.

याची पारख शास्त्रज्ञांनी केली आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहरात पॅट्रिशिया कूल नावाच्या बाईंनी एक अभ्यास केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसलं, त्यांच्याशी खेळलं, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. अशा १२ बैठका झाल्या, प्रत्येक बैठक साधारण २५ मिनिटांची. दुसऱ्या काही बाळांना तोच खेळ, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. नंतर बघितलं तर माणसाबरोबर बसलेल्या बाळांना चिनी भाषेतले बारीक आवाज ओळखता येत होते. टीव्ही बघितलेली बाळं मात्र ज्यांनी चिनी कधी ऐकलंच नव्हतं अशा बाळांइतकीच होती. आवाज तेच, वेळ तेवढाच. फरक फक्त समोर जिवंत माणूस असण्याचा.

आपल्याकडंही हे रोज दिसतं. मोबाईल बघून 'ए फॉर ॲपल' घडाघडा म्हणणारी, रंगांची नावं इंग्रजीत सांगणारी लेकरं घरोघरी आहेत. पण त्यातल्या काहींना तहान लागली तर 'पाणी दे' म्हणता येत नाही. ती मायचा हात धरून माठाकडं ओढत नेतात. म्हणजे पाठ केलेले शब्द तोंडात आहेत, पण आपल्याला काय पाहिजे ते दुसऱ्याला सांगणं शिकायचं राहिलं आहे. खरं बोलणं तर तेच.

किती वेळ मोबाईल?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली याबद्दल सूचना दिल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत लेकराला मोबाईल किंवा टीव्ही दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. आपल्या देशातले बालरोगतज्ज्ञही साधारण हेच सांगतात. लांबच्या नातेवाइकांशी कधीतरी व्हिडिओ कॉलवर बोलायला ते लहान बाळालाही सूट देतात. का देतात, ते पुढं सांगते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, सांगायला सोपं आहे. सकाळी भाकरी थापायच्या, डबा भरायचा, कापूस वेचायला जायचं, लेकरू पायात पायात करतं. मोबाईल दिला की अर्धा तास गप्प बसतं. मला हे समजतं. मोबाईल दिला म्हणून कोणती माय वाईट ठरत नाही. पण लेकरू गप्प बसतं, नेमकी तीच गोष्ट लक्षात घ्या. त्या अर्ध्या तासात त्यानं आपल्याला सतरा प्रश्न विचारले असते, दहा वस्तूंकडं बोट दाखवलं असतं. तेवढी देवघेव बुडाली. असा अर्धा तास दिवसातून चार-पाच वेळा झाला की मोठी खोट येते. निदान जेवताना आणि झोपताना मोबाईल नको, इथून सुरुवात करा.

हाताला काम, तोंडाला बोलणं

लेकराशी बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं.

जे करतोय ते बोलून दाखवा. "आता पीठ मळू. पाणी घालू. बघ, गोळा झाला. थाप, थाप, थाप." शेंगा फोडताना, भांडी घासताना, गोठ्यात शेण काढताना असंच.

निवडायला सांगा. "भाकरी पाहिजे का भात?" नुसतं "जेवतो का?" विचारलं तर लेकरू मान हलवून मोकळं होतं. दोन वस्तू पुढं केल्या की शब्द काढावा लागतो.

विचारल्यावर थांबा. मनात पाच आकडे मोजा. मोठ्या माणसाला तेवढं थांबणं जड जातं, पण लेकराला शब्द शोधायला वेळ लागतो. आपणच घाईनं उत्तर देऊन टाकलं की त्याची पाळी हुकते.

त्याच्या शब्दाला आपला एक शब्द जोडा. ते म्हणालं 'गाय', तर म्हणा, "हो, पांढरी गाय." ते म्हणालं 'पांढरी गाय', तर म्हणा, "पांढरी गाय चारा खाते."

चुकलं तर रागवू नका, चारचौघांत हसू नका. 'लोटी' म्हणालं तर "नीट बोल" म्हणायचं नाही. "हो, रोटी देते" एवढंच म्हणायचं. बरोबर शब्द कानावर पडत राहिला की जीभ हळूहळू वळते.

आणि एक महत्त्वाचं. बोलायचं ते आपल्या घरच्या बोलीत. तांड्यावरच्या बायका विचारतात, आम्ही गोरमाटी बोलतो, अंगणवाडीत मराठी, म्हणून लेकरू गोंधळलं असेल का? नाही. दोन बोली कानावर पडल्यानं लेकरू मुकं राहत नाही. ज्या भाषेत मायला गोष्ट सांगता येते, रागवता येतं, लाड करता येतात, त्या भाषेत ती सगळ्यात जास्त बोलते, आणि लेकराला तेच पाहिजे असतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर या दोघींनी लेकरांना शिकवलं ते महागडी खेळणी आणून नाही, तर दगडगोटे, शिंपले, बिया, पानं घेऊन. आज गावोगावच्या अंगणवाड्यांच्या मुळाशी त्यांचं हे काम आहे. ती सामग्री आजही आपल्या अंगणात पडलेली आहे.

मग मोबाईलचा उपयोग कसा करायचा?

पहिला उपयोग व्हिडिओ कॉलचा. आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास बाप ऊसतोडीला जातो, कुणाचा पुण्या-मुंबईला कामाला असतो. लेकरू आज्जीजवळ. अशा वेळी व्हिडिओ कॉलवरचं बोलणं नुसत्या व्हिडिओसारखं नसतं, कारण पलीकडचं माणूस ऐकतं, थांबतं, उत्तर देतं. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या लेकरांना नवे शब्द शिकवले. समोरच्या माणसाकडून आणि व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून लेकरं शिकली, पण आधी भरून ठेवलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. म्हणून बापाला सांगा, नुसतं "जेवला का, झोपला का" नको. "तुझी बाटली दाखव. शेळी कुठंय? शेळीला काय खायला दिलं?" असं विचारा. इकडून आज्जीनं शेळीपाशी मोबाईल न्यावा. पाच मिनिटांचा असा कॉल तासभराच्या गाण्याच्या व्हिडिओपेक्षा मोलाचा.

दुसरा उपयोग फोटोंचा. घरातल्या माणसांचे, आपल्या बैलाचे, विहिरीचे, आठवडी बाजाराचे दहा-पंधरा फोटो काढून ठेवा. लेकराला मांडीवर घेऊन एकेक दाखवा. "हे कोण? मामा. मामा काय करतो?" परक्या देशातल्या सफरचंदापेक्षा आपल्या मामाचा फोटो लेकराला जास्त बोलतं करतो. याला ॲप लागत नाही, नेट लागत नाही.

तिसरा उपयोग गोष्टींचा. प्रथम बुक्स या संस्थेनं स्टोरीवीव्हर नावाचं गोष्टींचं भांडार २०१५ साली सुरू केलं. तिथं मराठीतली चित्रांची पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. माय वाचू शकत असेल तर तिनं वाचावं. वाचता येत नसेल तर चित्र बघून आपल्या मनानं गोष्ट सांगावी, लेकराला त्यात काही कमी वाटत नाही. गूगलचं रीड अलाँग नावाचं ॲप आहे, तेही मराठीत चालतं. पण ते वाचनासाठी आहे, पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना. दोन वर्षांच्या लेकरासाठी ते घेऊ नका.

चौथा उपयोग अंगणवाडी सेविकेच्या निरोपांचा. पुष्कळ ठिकाणी सेविका पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर खेळ, कृती पाठवतात. तो व्हिडिओ आईनं बघायचा आणि मोबाईल बाजूला ठेवून तो खेळ लेकराबरोबर खेळायचा. व्हिडिओ लेकराच्या हातात दिला तर खेळ तिथंच संपला.

तरीही एखादं ॲप घ्यायचं असेल, तर बाजारात वांगी निवडतो तसं निवडून घ्या. आधी स्वतः दहा मिनिटं वापरून बघा. ते मराठीत आहे का? चित्रं सावकाश येतात का, की झपाझप बदलतात? लेकराला बोलायला मध्ये थांबतं का? जाहिराती येतात का? पुढं जायला पैसे मागतं का? गाणी-गोष्टी सांगायला त्याला तुमचे फोन नंबर आणि फोटो बघायची परवानगी कशाला पाहिजे? यातलं काही खटकलं तर ते काढून टाका. व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होतो, ती सोय बंद करून घ्या. ज्या मोबाईलवर पैशाचे व्यवहार होतात, त्याचा पिन लेकरासमोर टाकू नका. आणि महिन्यात दोन हजार शब्द शिकवू असं कोणी सांगत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

केव्हा थांबायचं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. नीट ऐका.

लेकरू सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाकडं वळत नाही. वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही, बडबडीचे आवाज काढत नाही. दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही. तीन वर्षांचं झालं तरी त्याचं बोलणं घरच्यांनाही उमगत नाही. किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द बंद झाले. यातली एक जरी खूण दिसली तरी तपासणी करायची.

घरात लोक काय काय सांगतात ते मला माहीत आहे. "त्याचा बापही उशिरा बोलला." "पोरगा आहे, पोरं उशिराच बोलतात." "पोपटानं उष्टा केलेला पेरू द्या." "वेखंड उगाळून चाटवा." "जिभेखालची शीर कापा." बाप उशिरा बोलला असेल, पण म्हणून लेकराला ऐकू येतं की नाही हे बघायचं राहून जाऊ नये. जिभेखालचा पडदा चिकटलेला वाटला तर डॉक्टरांना दाखवा. मात्र लेकरू अजिबातच न बोलण्याचं ते कारण सहसा नसतं.

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईची लेक अडीच वर्षांची होती. शब्द नव्हते. कुणीतरी सांगितलं म्हणून बोलायचं ॲप घेतलं, सहा महिने रोज लावलं. लेक चित्रं बघून हसायची, बोटानं बरोबर चित्र दाबायची, म्हणून घरच्यांना वाटायचं शिकतेय. मोबाईलचा आवाज मात्र कायम पूर्ण मोठा करावा लागायचा. अंगणवाडी सेविकेच्या लक्षात आलं की ही मुलगी समोर आलेल्या माणसाकडं बघते, मागून हाक मारली तर वळत नाही. तिनं मागं ताटली वाजवून बघितली. मुलगी खेळतच राहिली. पुढं तपासणी झाली, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं असं निघालं. आता कानाला यंत्र आहे, बोलण्याचे उपचार चालू आहेत, आणि ती सेविकेला 'बाई' म्हणून हाक मारते. पण ते सहा महिने परत येत नाहीत. बोलणं शिकायला पहिली तीन वर्षं सगळ्यात मोलाची असतात. ज्या कानात शब्दच जात नाही, त्या लेकराच्या तोंडातून शब्द कुठून येणार?

ताटली वाजवणं ही खरी तपासणी नव्हे. लेकरू वळलं तरी बारीक आवाज ऐकू येत नसतील असं होऊ शकतं. कान सारखा वाहत असेल, फुटत असेल, तरीही ऐकणं कमी होतं. खरी तपासणी यंत्रावर होते.

ती कुठं करायची? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा. पथकाची वाट बघायची गरज नाही, आशाताईला घेऊन आरोग्य केंद्रात गेलात तरी चालतं. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. या कार्यक्रमातली तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या. कोणत्या महिन्यात लेकरू काय करतं याची चित्रं त्या कार्डावरच असतात. लसीच्या तारखा बघून कार्ड ट्रंकेत जातं, ते एकदा बाहेर काढून पूर्ण बघा.

ज्या लेकराचे शब्द तोंडातून येत नाहीत

काही लेकरं अशी असतात की त्यांना समजतं सगळं, पण बोलता येत नाही. कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, कुणाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. अशा लेकरांसाठी मात्र ॲप खरोखर आवाज होऊ शकतं. आयआयटी मुंबईनं 'जेलो' नावाचं ॲप तयार केलं आहे. ते फुकट आहे आणि मराठीतही आहे. त्यात चित्रं असतात. लेकरानं चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल ते बोलून दाखवतो. भूक लागली, पाणी पाहिजे, हे नको, असं लेकराला सांगता येतं.

मायांना भीती वाटते, चित्र दाबायची सवय लागली तर बोलणं कायमचं राहील. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट आपलं म्हणणं कुणाला तरी पोचतं हे कळलं की लेकराची चिडचिड कमी होते, आणि काही लेकरं त्याबरोबर आवाजही काढायला लागतात. फक्त हे ॲप वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला विचारून सुरू करा. घरातल्या सगळ्यांनी ते शिकून घ्या. लेकरानं 'पाणी' दाबलं आणि कुणी पाणी दिलंच नाही, तर ते पुन्हा कशाला दाबेल?

आता आपल्या गटासाठी एक काम सांगते. येत्या बैठकीला ज्यांच्या घरी तीन वर्षांच्या आतलं लेकरू आहे, त्या प्रत्येकीनं संरक्षण कार्ड घेऊन यावं. शिकलेल्या दोघींनी बाकीच्यांना कार्डावरच्या खुणा समजावून सांगाव्यात. ज्या लेकराच्या खुणा जुळत नाहीत, त्याचं नाव वहीत लिहावं आणि त्या मायबरोबर आरोग्य केंद्रात कोण जाणार तेही तिथंच ठरवावं. एकटी बाई दवाखान्यात बिचकते, दोघी गेल्या की डॉक्टरांना चार प्रश्न जास्त विचारले जातात. कर्जाचा हप्ता थकू नये म्हणून आपण एकमेकींच्या दारात जातो. लेकराच्या तपासणीसाठीही तसंच जायचं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.